पुष्पाबाईंचा माईक

"हे पाह्य मंजूताई, माईक दोन टाइपचे," गोकुळ म्हणाला. "एक डायनॅमिक. तो म्हंजे कचेरीतला बाबू. पार तोंडापाशी जाऊन बोललं तरच त्याले ऐकू येते. दुसरा कंडेन्सर. तो म्हंजे शेजारीन. तिले भिंतीपल्याडचंबी ऐकू येते."

गोकुळ हा मंजुश्रीचा मामेभाऊ. बुलढाण्यात त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्नांच्या मांडवात वीस वर्षं स्पीकरशेजारी उभं राहून त्याला स्वतःला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून तो सल्लाही ओरडून देई.

मंजुश्रीला माईक हवा होता आईसाठी. वडील, किसनराव, जाऊन सात महिने झाले होते. एकतीस वर्षं ते एसटी स्टँडवर नियंत्रक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सगळ्या गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि त्यातलं एक वाक्यही आज कुणाजवळ नव्हतं. मंजुश्रीच्या फोनमध्ये त्यांचा एक व्हिडिओ सापडला. त्यात ते फोटो निघतोय असं समजून अठ्ठावीस सेकंद श्वास रोखून बसले होते. मग व्हिडिओ संपतो.

आईच्या बाबतीत ही चूक करायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

प्रत्येक गोष्ट आधी वाचून मग करायची हा तिचा स्वभाव. चार दिवस तिने माईकबद्दल वाचलं. महागड्या कंडेन्सरला वेगळी पेटी लागते, तिला वेगळी वायर, तिला वेगळा स्टँड. शेवटी थेट लॅपटॉपला लागणारा एक स्वस्तातला कंडेन्सर तिने मागवला. समोरचं ऐकतो, मागच्या बाजूने बहिरा, असं त्याच्याबद्दल लिहिलं होतं. पसंत पडला नाही तर दहा दिवसांत परत.

आतल्या खोलीत तिने खिडकीला गोधडी टांगली. साड्यांचं कपाट उघडं ठेवलं, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद, फ्रीज बंद. आईला खुर्चीत बसवलं.

पुष्पाबाईंनी माईककडे पाहून पदर सारखा केला. "हॅलो."

"आई, फोन नाही तो."

"मंग कोनाशी बोलू?"

"माझ्याशी."

"तुह्याशी तं रोजच बोलते. तू ऐकतं का?"

अर्धा तास असाच गेला. आईची कुरकुर चालूच: गरम होते, फ्रीजमधलं दूध नासन, मले काय फोटो काढाले बसवलं. मग मंजुश्रीने विचारलं, "बाबांनी तुला गाडीत चढू दिलं नव्हतं, ते सांग ना." आणि आई सुटलीच.

"माह्या भावाची हळद होती वरवट बकालले. तू कडेवर, हातात पातळाचं गाठोडं. स्टँडवर पोचली तं गाडी निघूनच राह्यली. म्या हात दाखवला. केबिनमधून ह्यायनं मले पाह्यलं. डोळ्यात डोळा घालून पाह्यलं व! आन् माईकवर काय म्हनते, तं 'प्रवाशांनी चालत्या गाडीत चढू नये'! हळद गेली. एकतीस वर्षात या मानसानं कोनासाठी गाडी थांबवली नाही. बायकोसाठीबी नाही."

मंजुश्री हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

हे सगळं छान टिपलं गेलं होतं. संध्याकाळी ती हेडफोन लावून ऐकत बसली. आईचा श्वास, बांगड्या, शेजारच्यांचा नळ, भिंतीवरची पाल. गोकुळची शेजारीण खरंच सगळं ऐकत होती. आई 'हळद गेली' म्हणून थांबली तिथे दोन टिचक्या होत्या. टक, टक. मग एक फुंकर.

किसनराव प्रत्येक घोषणेआधी माईकवर बोटाने दोनदा टिचकी मारून फुंकर घालत.

आपलंच नख टेबलाला लागलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. फुंकरीबद्दल काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये आईच्या बोलण्यामागे एक घरघर होती. उभ्या गाडीचं इंजिन चालू असावं तशी. ती दार उघडून गल्लीत पाहून आली. त्या गल्लीत गोकुळचा टेम्पोसुद्धा शिरत नाही. एक शेळी उभी होती, तिनेही मंजुश्रीकडे पाहिलं.

पाचव्या दिवशी वाक्य आलं.

"खामगाव, शेगावमार्गे वरवट बकालकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे."

तिने हेडफोन काढला. वायर काढून पुन्हा लावली. स्टँडवरचा भोंगा ऐकू आला असेल म्हणावं, तर स्टँड गावाच्या त्या टोकाला, आणि तिथे आता एका बाईचा संगणकातला आवाज बोलतो. तिने गोकुळला बोलावलं. त्याने ऐकलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो हळू बोलला.

"हे तं तेच हायेत."

दोघांनी शहाण्या माणसांसारख्या चाचण्या घेतल्या. माईकचं तोंड भिंतीकडे फिरवून आईला बोलायला लावलं. आईचा आवाज लांब, पातळ झाला. तो दुसरा आवाज मात्र होता तेवढाच, होता तिथेच. मग गोकुळने मांडवातला डायनॅमिक आणून लावला. त्यात फक्त आई होती. बाबूला काही ऐकू आलं नव्हतं.

"वापस कर," गोकुळ म्हणाला. "माल खराब हाय असं लिहून दे."

"खराब कुठे आहे?"

"तेच तं."

"मले बी ऐकू द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, त्यावर हेडफोन चढवला आणि डोळे मिटून ऐकलं.

"आवाज बसला हाय जरासा," त्या म्हणाल्या. "तिकडंबी सुपारी काई सुटली नाही."

मग उठून त्यांनी कपाटातून पिशवी काढली. दोन पातळं, चष्म्याचं घर, तांब्या.

"आई, कुठे निघालीस?"

"गाडी लागली म्हनते ना."

मंजुश्रीने पिशवी धरली.

"अवं सोड," आई म्हणाली. "आता नाही जात. दोनदा सांगते तो. एकदा लागली म्हनून, एकदा सुटली म्हनून. दुसऱ्यांदा सांगतलं नाही अजून."

हे खरं होतं. मंजुश्रीलाही ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसायची. सगळं काम त्यांनी तिला तिथेच शिकवलं होतं. घोषणा दोनदा. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

नवव्या दिवशी ती हेडफोन लावूनच आईसमोर बसली. आई लोणच्याबद्दल सांगत होती. सांगता सांगता ती खोकली, थांबली. टक, टक. फुंकर.

"वरवट बकालच्या प्रवासी पुष्पाबाई. आपल्यासाठी गाडी थांबवून ठेवली आहे. सावकाश यावे."

मंजुश्रीने ते आईला ऐकवायला नको होतं. पण आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हेडफोन मागून घेतला.

ऐकून पुष्पाबाई हसल्या. पदरात तोंड घालून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आता थांबवते! मेला, आता थांबवते! एकतीस वर्षं नाही सुचलं."

"आई..."

"थांबू दे मंग त्याले. कळू दे कसं वाटते ते. माह्यं बोलनं व्हाचं हाय अजून."

गोकुळच्या सांगण्यावरून तिने परतीचं कळवून ठेवलं होतं; दहाव्या दिवशी माईक न्यायला माणूस आला. मंजुश्रीने त्याला पाणी दिलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

कारण तिच्या एक लक्षात आलं होतं. आई बोलत असली की ते इंजिन एका सुरात घरघरतं. आई थांबली की ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबल्यासारखं वाढतं. हे फक्त या माईकला ऐकू येतं.

म्हणून ती प्रश्न विचारत राहते. लोणचं झालं, बाळंतपणं झाली, वरवटच्या विहिरी झाल्या, त्या शेळीच्या आईचीही गोष्ट झाली. गोकुळ दर रविवारी येतो, दाराबाहेरूनच ओरडून विचारतो, "गाडी हाय का?" आणि आतून पुष्पाबाई ओरडतात, "हाव, उभी हाय!" पिशवी खुर्चीच्या पायाशीच असते. घेऊ दिली नाही तर त्या बोलत नाहीत.

काल अडतिसावं रेकॉर्डिंग.

दुपारचे तीन. आई बोलता बोलता थांबली. तांब्या उचलला. पाणी प्यायली, सावकाश.

इंजिन वाढलं.

मग अगदी जवळ, स्वच्छ, एक घंटी.

टण्.

मंजुश्रीने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. दुसरी आली नाही. अजून आली नव्हती.

आईने तांब्या खाली ठेवला, ओठ पुसले. "तं मी काय सांगत होती व?"

"हळदीचं," मंजुश्री म्हणाली. ते अकरा वेळा सांगून झालं होतं. "हळदीचं सांग ना, आई. पहिल्यापासून."

पुष्पाबाईंनी पायाशी वाकून पिशवी मांडीवर घेतली, आणि सांगायला सुरुवात केली.