शेवटचा अजून यायचाय

"आले! धूळ दिसली! भिजवा टॉवेल!" ट्रकच्या टपावर उभा राहून कावळा ओरडला.

खाली एकच धांदल उडाली. भोपळ्याने बादलीत टॉवेल बुचकळले, टिटवीने पिळले. दिवसभर वाळूतून मोटरसायकल हाकून आलेल्या प्रत्येक काकाच्या हातात एक ओला टॉवेल ठेवायचा, हे मुलांचं काम होतं. ऊन तरी काय होतं म्हणता! सरडे एकेक पाय आळीपाळीने वर उचलून उभे होते. एका सरड्याने तर चारही पाय एकदम उचलले होते, असं कावळा आजही शपथेवर सांगतो.

कावळा दहा वर्षांचा. दिवसभर "का? का?" विचारत सुटायचा, म्हणून कावळा. त्याचा थोरला भाऊ भोपळ्या बारा वर्षांचा होता, पण बटाटे चोवीस वर्षांच्या माणसाइतके खायचा. आणि टिटवी या दोघांहून मोठी, तेरा वर्षांची. पूर्वी ती नुसती हसली तरी तीन गल्ल्यांपलीकडची कुत्री उठून बसायची. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तिचे बाबा गेले. तेव्हापासून नाव तेवढं टिटवी राहिलं होतं, आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

टिटवीच्या बाबांची मित्रमंडळी दर सुट्टीत मोटरसायकली काढून वाळवंटात जायची. रस्ता सोडून, वाळूच्या डोंगरांवरून, कोरड्या नदीच्या पात्रातून, मुक्काम करत करत. टिटवीची मावशी ट्रक चालवायची. तंबू, पेट्रोल, बटाटे आणि मुलं, असा सगळा ऐवज ट्रकमध्ये भरून ती पक्क्या रस्त्याने पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबायची.

मोटरसायकली घुरघुरत आल्या. वरचे सगळे काका पिठात घोळवलेल्या बटाट्यांसारखे दिसत होते. कोण कोणता ते आईलासुद्धा ओळखू आलं नसतं. सगळ्यांत पुढे होते भोपळ्या-कावळ्याचे वडील. सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. एरवी ते दातांचे डॉक्टर. सगळ्या गावाला साखर बंद करून स्वतः चहात चार चमचे घालणारे!

"काय चालवली आज! काय चालवली!" कप्तान तोंड पुसत म्हणाले. "सगळे आले ना?"

"आले, आले!" कोणीतरी म्हणालं.

पण टिटवीच्या हातात एक टॉवेल उरला होता. ओला आणि स्वच्छ.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

"दे इकडे, माझी मान राहिलीय," म्हणत बँकवाल्या काकांनी हात पुढे केला. टिटवीने टॉवेल मागे ओढला. तिने एकेका धुळकट चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"घड्याळकाका कुठे आहेत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका, टिटवीच्या बाबांचे बालमित्र. दोघं एका बाकावर शिकले आणि एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या.

"माझ्या पुढे होता ना तो?"

"छे! मला वाटलं, तुझ्या मागे आहे."

"जेवणाच्या थांब्यानंतर जो फाटा लागतो ना," बँकवाले काका डोकं खाजवत म्हणाले, "तिथे कोणीतरी हात दाखवत उभं होतं. घड्याळजीच असणार. म्हटलं, येईल मागून."

"मग आला नाही, तो का?" कावळ्याने लगेच चोच खुपसली.

"अरे, रुसलाय तो!" कप्तान हसले. "सकाळपासून तोंड फुगवून बसला होता. वळला असेल परस्पर जवळच्या गावाकडे. आत्ता सोडा पीत असेल बघा गार गार!"

"पण बाबा, ते अजून फाट्यावरच असतील तर?" भोपळ्याने विचारलं.

"इतक्या उन्हात? तुला काय वाटतं, तो खांब आहे? तुम्ही दोघं जरा पक्क्या रस्त्याने गावात जाऊन बघून या रे." दोन काका कुरकुरत निघाले. "आणि ट्रक इथून हलणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो! तंबू कोण लावणार?"

टिटवी ट्रकच्या मागच्या बाजूला गेली आणि दोन्ही पोरांना तिने खुणेने बोलावलं. पेट्रोलच्या डब्यांशेजारी पाण्याचा एक कॅन होता. त्यावर घड्याळाचं चित्र काढलेलं होतं.

"हा त्यांचा," ती हळूच म्हणाली. "फार खडखडतो म्हणून सकाळी मावशीकडे दिला. त्यांच्याजवळ फक्त छोटी बाटली आहे."

भोपळ्याने कॅन हलवून पाहिला. "पण ते फाट्यावर का थांबतील?"

"एरवी हे मी विचारतो," कावळा कुजबुजला.

"नियम आहे," टिटवी म्हणाली. "धुळीत पुढचा दिसत नाही. म्हणून फाटा आला की कप्तानांच्या मागचा माणूस तिथे थांबतो आणि बाकीच्यांना हात करून वाट दाखवतो. कुठवर थांबायचं? तर सगळ्यांत शेवटचा येईपर्यंत. तो आला की सुटका. आणि शेवटचे नेहमी बाबा असायचे."

खरंच, ती जागा त्यांचीच होती. सगळ्यांची धूळ खायची, पडलेल्याला उचलायचं आणि सांडलेलं गोळा करायचं. हातमोजे, बाटल्या, एकदा तर एका काकांची कवळी! वाळूत ती दात विचकून पडली होती म्हणे. बाबांनी ती खिशात घालून मुक्कामाला आणली आणि काकांना विचारलं, "तुमचं काही हसू हरवलंय का?"

या वर्षी निघताना कप्तान म्हणाले होते, "त्याची जागा कोणी घ्यायची नाही. ती त्याच्या आठवणीत रिकामी ठेवू." सगळ्यांचे डोळे पाणावले. माना डोलल्या. पण शेवटचा माणूसच नसेल तर फाट्यावर उभा असलेला निघणार कधी, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! पहिले दोन दिवस जे थांबले, ते अंदाजाने निघाले आणि निभावलं. आज पहिल्यांदाच घड्याळकाकांची पाळी होती.

"म्हणजे ते वाट बघताहेत?" कावळ्याने विचारलं. "कोणाची?"

टिटवीने कॅन उचलून छातीशी धरला आणि दुसरीकडे पाहिलं.

भोपळ्या कधी नव्हे ते गंभीर झाला. मग त्याचे गाल हळूहळू फुगले. डोक्यात काही शिजलं की त्याचे गाल फुगायचे.

"बाबांना सांगितलं तर ते परत हसतील. कावळ्या, शर्ट खोच. आणि हा डबा पोटाशी घाल."

"का?"

"नंतर का! आधी घाल!"

दोन मिनिटांत भोपळ्याने बोंब ठोकली, "बाबा! घात झाला! साखरेचा डबा जेवणाच्या थांब्यावरच राहिला!"

कप्तान ताडकन उठले. मित्र हरवला तेव्हाही ते इतके पांढरे पडले नव्हते. "साखर? सगळी? मग चहा?"

"बिनसाखरेचा घ्या. दातांना चांगला," मावशी म्हणाली.

"उभी काय आहेस? काढ ट्रक! जाऊन घेऊन ये! आणि तंबूंचं आम्ही बघतो!"

मुलं ट्रकमध्ये अशी चढली की माकडांनी शिकवणी लावावी. मावशीने गिअर टाकला आणि कावळ्याकडे तिरका डोळा केला.

"पोट फार चौकोनी झालंय रे तुझं."

"बटाटे खाल्ले," कावळा म्हणाला.

"हो का? मग तुझे बटाटे शर्टातून सांडताहेत, ते आवर." मग ती टिटवीकडे वळली. "कुठे जायचंय, सांग."

"फाट्यावर. लवकर गं, मावशी."

मावशीने ट्रक असा पळवला की मागे लटकावलेल्या घागरीतलं पाणी घाबरून कडेला चिकटून बसलं. जेवणाचा थांबा मागे पडला. पक्का रस्ता सोडून ट्रक मोटरसायकलींच्या चाकोऱ्यांवरून उसळत निघाला. बाटलीतलं पाणी कधी संपलं असेल? ऊन लागून काका पडले असतील तर? टिटवी कॅन घट्ट धरून समोर बघत राहिली.

आणि दिसले!

दगडांच्या ढिगाजवळ घड्याळकाका मोटरसायकलला टेकून उभे होते. उजवा हात बरोबर मुक्कामाच्या दिशेने धरलेला. अंगावर बोटभर धूळ. त्यांच्या पायांच्या सावलीत एक सरडा निवांत बसला होता. त्याला ते झाडच वाटले असावेत.

"काका!"

हात खाली आला नाही. ओठ फुटले होते. "तुम्ही ट्रकवाले इकडून कुठे?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुढे व्हा. मला निघता यायचं नाही. शेवटचा अजून यायचाय."

कावळ्याने तोंड उघडलं. भोपळ्याने त्यावर हात ठेवला.

टिटवी पुढे गेली. तिने कॅनचं झाकण उघडून त्यांच्या तोंडाला लावलं. ते घटाघट प्यायले. निम्मं पाणी दाढीवरून ओघळलं आणि धुळीत चर पडले. मग तिने त्यांचा तो उचललेला हात धरला. काठीसारखा ताठला होता. तिने तो हळूहळू खाली आणला.

"काका," ती म्हणाली, "बाबा नाही येणार."

वर्ष झालं होतं. लोक घरी येऊन काय काय बोलून गेले होते. पण हे वाक्य तिने स्वतः आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

घड्याळकाका वाळूत मटकन बसले.

"माहीत आहे गं मला. डोकं फिरलं नाही माझं." त्यांनी ताठलेली बोटं चोळली. "सगळे गेले, धूळ खाली बसली. म्हटलं, निघू. किक मारायला पाय उचलला. पण तो येईल आणि इथे कोणीच नसेल तर? तो चुकेल ना! मग म्हटलं, थोडा वेळ थांबू. मग आणखी थोडा. लोकांच्या घड्याळांचे काटे मी रोज पुढे सरकवतो. आज माझा पाय काही पुढे सरकेना."

टिटवी त्यांच्या शेजारी बसली.

"मीपण रात्री दाराची कडी काढून ठेवते," ती म्हणाली. "आई लावते. ती झोपली की मी काढते. सकाळी ती मला काहीच बोलत नाही. फक्त संध्याकाळी परत लावते."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मावशीने तोंड फिरवून ट्रकचं टायर तपासायला घेतलं. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

"आपण थोडं थांबू या," टिटवी म्हणाली. "दोघं मिळून."

सगळेच बसले. मोकळ्या वाटेकडे बघत. वाऱ्याने चाकोऱ्या भरून येत होत्या. भोपळ्याला भूक लागली होती, पण तो बोलला नाही. कावळ्याच्या पोटाशी डबा टोचत होता, तोही बोलला नाही. दगडांच्या ढिगाची सावली लांबत लांबत त्यांच्या पायांशी आली.

मग टिटवी उठली. "चला, काका."

आणि ते उठले. मोटरसायकल फळीवरून ट्रकमध्ये चढवली. काकांना मावशीने पुढे आपल्या शेजारी बसवलं.

मुक्कामावर हलकल्लोळ माजला होता. गावाकडे गेलेले दोघे हात हलवत परतले होते. घड्याळजी तिथे फिरकलाच नव्हता! कप्तान धावतच ट्रकपाशी आले. काकांचे फुटलेले ओठ त्यांनी पाहिले.

"कुठे होता हा?"

"फाट्यावर. तुम्ही सोडला होता तिथेच," मावशी म्हणाली.

टिटवीने सगळं सांगितलं. नियम, कॅन आणि शेवटच्या माणसाचं. ती बोलत गेली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कावळ्याने शर्टातून डबा काढून बाबांपुढे धरला. घामाने निम्म्या साखरेचा पाक झाला होता.

"आता मला मारणार का?" त्याने विचारलं.

कप्तानांनी त्याला उचलून घेतलं. साखर, घाम आणि धूळ यांच्यासकट. "शाबास रे पोरांनो!" ते म्हणाले. "तुम्ही नसतात तर आज आणखी एक मित्र गेला असता माझा. आणि मी चहाची वाट बघत बसलो असतो." बाकीच्या काकांनी मुलांच्या पाठी इतक्या थोपटल्या की धुळीचा नवा लोट उठला. टिटवीने कोणालाही पाठ थोपटू दिली नाही.

"उद्या शेवटचं कोण?" तिने विचारलं.

कप्तानांनी कावळ्याला खाली ठेवलं.

"मी," कप्तान म्हणाले. "पुढे बँकवाला जाईल. मागे मी."

दुसऱ्या दिवशी, जिथे वाळूची वाट पक्क्या रस्त्याला छेदत होती, तिथे मावशीने ट्रक उभा केला. चौकात हात दाखवायला घड्याळकाकाच उभे होते. हट्टाने त्यांनी ती पाळी मागून घेतली होती. एकेक मोटरसायकल गेली. बऱ्याच वेळाने धूळ खात, खोकत कप्तान आले. गळ्यात कोणाचे तरी हातमोजे अडकवलेले.

"मागे कोणी?" घड्याळकाकांनी विचारलं.

"नाही," कप्तान म्हणाले. "मागे आता कोणी नाही."

टिटवीने वाटेकडे पाहिलं. धूळ खाली बसत गेली. लांबपर्यंत सगळं दिसायला लागलं. आणि तिच्या तोंडून असा टाहो फुटला की पुढे गेलेल्या सगळ्या मोटरसायकली जागच्या जागी थांबल्या आणि माघारी वळल्या.

"काय झालं? काय झालं?" सगळे काका धावत आले. कोणी पाणी आणलं, कोणी औषधाची पेटी. कप्तान म्हणाले, "अगं, रडू नको, बाळा—"

"रडू दे तिला," घड्याळकाका म्हणाले. त्यांचेही गाल ओले होते. "थांबू आपण."

एकेकाने मोटरसायकल बंद केली. हेल्मेट काढून सगळे तिच्या भोवती वाळूत बसले. ऊन चढत होतं, पुढचा मुक्काम लांब होता. तरी निघायचं नाव कोणी काढलं नाही.