ताडपत्रीखालची पॅकार्ड

चार दिवसांपासून खंड्या उन्हात झोपत होता, आणि साऱ्या गल्लीत ही गोष्ट फक्त गीतांजलीच्या लक्षात आली.

मे महिना होता. दर्यापुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं. असल्या उन्हात गल्लीतला हा शहाणा कुत्रा देवमन आबाजींच्या अंगणातल्या मोटारीखाली जाऊन पडायचा. मोटार ताडपत्रीने झाकलेली असे आणि तिच्याखाली माठाजवळ असतो तसा गारवा. आता मात्र तो भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून पडला होता.

गीतांजलीला हे दिसलं, कारण तिला दुसरं कामच नव्हतं. तिची आई नर्स. एप्रिलमध्ये आईची गडचिरोलीला बदली झाली आणि खोली मिळेपर्यंत गीतांजलीची रवानगी मावशीकडे झाली. मावशीची मुलं, प्रीतम आणि माया, वाईट नव्हती. पण त्यांचे मित्र, त्यांचे खेळ, त्यांची भांडणंसुद्धा आधीपासून ठरलेली होती. त्यात बारा वर्षांच्या पाहुणीला जागा नव्हती. ती ओट्यावर बसून राही.

मग एका संध्याकाळी समोरच्या अंगणातून हाक आली, "कोण बसून राहिलं तिथं? मले बरोबर दिसत नाही. ये, गाडीत बस."

ती गाडी म्हणजे पॅकार्ड. अमेरिकेत बनलेली, पिकल्या जांभळाच्या रंगाची, आणि मावशीच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब. इथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाने ती घेतली होती. आबाजींचे वडील धर्मपाल त्याचे ड्रायव्हर. कारखाना बंद करून मालक मुंबईला निघाला, तेव्हा त्याने गाडीचे कागद धर्मपालांच्या नावावर करून दिले. "ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," एवढंच तो म्हणाला. ड्रायव्हरच्या दारात पॅकार्ड उभी राहिलेली पाहायला तेव्हा अर्धं दर्यापूर लोटलं होतं.

पुढे ती आबाजींच्या नावावर झाली. ते एसटीत मेकॅनिक होते. आठवडाभर बसगाड्यांखाली आडवे आणि रविवारी पॅकार्डच्या स्टिअरिंगमागे ताठ. शेजारी त्यांची बायको जाईबाई. एका दसऱ्याला अकरा माणसं घेऊन ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. "जाईच्या मांडीवर डबा होता वरणाचा," आबाजी सांगत. "नागपूर आलं, पण थेंब नाही सांडला."

मग जाईबाई गेल्या. मुलगा हैदराबादला स्थायिक झाला. इंजिनही थकलं. आठ वर्षांपासून गाडी जागची हलली नव्हती. आबाजी रोज संध्याकाळी ताडपत्री सारून तासभर आत बसत. आता मागच्या सीटवर गीतांजलीही बसू लागली. कधी बोलत, कधी नुसतेच बसत. आपण दोघं एकाच गावाला निघालोय आणि ते गाव येतच नाहीये, असं तिला वाटे.

गेल्या सोमवारी आबाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला बहिणीकडे गेले, आणि गीतांजली पुन्हा ओट्यावर आली.

"खंड्या गाडीखाली काहून जात नाही?" तिने विचारलं.

प्रीतम बॅटला दोरा गुंडाळत होता. "त्याले विचार ना. तू त्याच्याशीच बोलतेस."

माया हसली. गीतांजली मात्र उठली, अंगणात गेली आणि ताडपत्रीचं टोक वर केलं. आतून भट्टीसारखी धग आली. आत दोन बाजा उभ्या केल्या होत्या. त्यांच्यामध्ये पाण्याचा रिकामा ड्रम आणि वर बांबू आडवे टाकलेले.

गाडी नव्हती.

माया धावत आली. प्रीतमने बॅट तिथेच टाकली. "एवढी मोठी गाडी गेली आणि आपल्याले समजलं नाही?"

"पण एवढ्या मोठ्या गाडीले रस्त्यात कोणी तं पाहिलं असंन," माया म्हणाली.

हे बरोबर होतं. संध्याकाळी तिघं काळीपिवळीच्या स्टँडवर गेली. अमरावती रोडवर जीप चालवणाऱ्या श्रावणने पहिल्याच प्रश्नाला मान डोलावली. "जांभळी ना? भर दुपारी ट्रकवर चढवली होती. स्वप्निल होता संग. वलगावच्या लग्नाच्या लॉनवर उतरवली. मधून कापून सरबताचं काउंटर करणार आहेत म्हणे. उद्या सकाळी."

स्वप्निल म्हणजे आबाजींचा पुतण्या.

प्रीतमने वडिलांना सांगितलं. ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "पुतण्या आहे त्यांचा. घरचा मामला आहे. तुमी मधात पडू नका."

मग गीतांजलीनेच आबाजींना फोन लावला. तिने सगळं सांगितलं.



"काचा चढवल्या आहेत का?" त्यांनी विचारलं. "ट्रकवर धूळ लय जाते आतमधी."

गीतांजली म्हणाली, "मी पाहते."

"घराची चाबी तुह्या मावशीजवळ आहे. पेटीत जाईचं लुगडं आहे, त्याच्याखाली गाडीचं पुस्तक. त्यावर मालक म्हणून माहं नाव आहे, ते पाहून घेजो. मी निघतोच. एका डोळ्यानं रस्ता दिसते मले."

सकाळी मावशीने चावी दिली आणि क्षणभर विचार करून जीपचे पैसेही. "प्रीतमच्या बाबाले मी सांगते. रस्ता सांभाळून ओलांडा," ती म्हणाली.

वलगावच्या लॉनवर पॅकार्ड प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभी होती. उघड्यावर ती लहान दिसत होती. तिच्या दारांवर खडूने आडवी रेघ मारलेली. पुंजाजी नावाचे म्हातारे मिस्त्री काळा चष्मा लावून गॅस कटरची नळी जोडत होते. लॉनचे मालक खुशालराव जवळच उभे होते.

"थांबा," प्रीतम ओरडला. "ही गाडी देवमन आबाजींची आहे."

"त्यांच्या पुतण्यानं दिली मले," खुशालराव म्हणाले. "बाजूले व्हा. पुंजाजी, सुरू करा."

मायाने पिशवीतून पुस्तक काढलं, पण खुशालरावांनी ते हातातही घेतलं नाही. कटरच्या तोंडाशी निळी ज्योत पेटली. आबाजी अजून अर्ध्या वाटेवर होते. बोलून कुणी ऐकणार नव्हतं. मग आबाजींनीच कधीतरी सांगितलेलं वर्कशॉपमधलं एक वाक्य तिला आठवलं. ती खुशालरावांना सोडून मिस्त्रींकडे गेली.

"काका, टाकी धुतली का?"

पुंजाजींनी चष्मा वर केला. "कोणती टाकी?"

"पेट्रोलची. आठ वर्षांपासून कोणी उघडलीच नाही. आबाजी एसटीत मेकॅनिक होते. ते म्हणतात, भरल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट. आत वाफ राहते, ठिणगी लागली तं फुटते."

पुंजाजींनी ज्योत बंद केली. "मालक, तुमी तं म्हणाले सगळं काढून ठेवलं आहे."

"पोट्ट्यांचं काय ऐकता?"

"पोट्टी खरं बोलून राहिली. टाकी उतरवून, पाण्यानं धुतल्याशिवाय मी हात लावत नाही. मले घरी नातवंडं आहेत." त्यांनी नळी गुंडाळायला घेतली.

आता खुशालरावांना वेळच वेळ होता. मायाने पुस्तक पुन्हा पुढे धरलं. त्यांनी ते वाचलं: देवमन धर्मपाल तायडे. मग त्यांनी स्वप्निलला बोलावून घेतलं. तो आला, खाली पाहत राहिला.

"भंगार होतं ते," तो म्हणाला. "काकाले दिसते कुठं? ताडपत्रीवर हात फिरवला का झालं त्यायचं समाधान. आतमधी बसतेत हे कुठं माहीत मले?"

कुणी काही बोलायच्या आत फाटकाशी रिक्षा थांबली. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले आबाजी उतरले. त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. ते स्वप्निलजवळून थेट पुढे गेले, आणि तोच मागे सरला. आबाजींनी दार चाचपलं, खडूची रेघ बोटाला लागली. ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली.

खुशालराव ओशाळले. "चुकलं माझं. कागद पाहायले पाहिजे होते. माझ्याच ट्रकनं पोचवतो. आणि या पोरीनं आज आमाले सगळ्यायले वाचवलं."

त्या संध्याकाळी प्रीतमच्या वडिलांनी मोबाइल बाजूला ठेवून तिघांच्या पाठीवर थाप दिली. गल्लीतल्या बायकांनी गीतांजलीच्या हुशारीचं कौतुक केलं. ती हसली. पण सगळे आपापल्या घरी गेले, तशी ती पुन्हा आबाजींच्या अंगणात आली.

आठवड्याने आबाजींची पट्टी निघाली. नव्या नजरेने ते गाडीभोवती फिरले. दाराखालचा पत्रा पोखरला होता, सीट उसवली होती.

"एवढा गंज कधी चढला?" ते म्हणाले. "मले तं चकचकीतच दिसत होती."

गीतांजली आत जाऊन बसली. थोड्या वेळाने तेही बसले.

जूनमध्ये आईला खोली मिळाली आणि गीतांजली गडचिरोलीला गेली. तिथे ओटाही नव्हता. पहिल्याच संध्याकाळी आई ड्युटीवर असताना प्रीतमचा फोन आला. आधी पॅकार्डचं जड दार लागल्याचा आवाज झाला, मग पुढच्या सीटवरून प्रीतम आणि मायाचं भांडण ऐकू आलं.

"गप बसा रे," आबाजी म्हणाले. मग फोनमध्ये, "बोल बाई, कुठं जायाचं?"

गीतांजली खिडकीशी गेली. बाहेरचं एकही झाड तिच्या ओळखीचं नव्हतं.

"इकडेच या," ती म्हणाली.

"लांब आहे," आबाजी म्हणाले. "पण बसलोच आहो, तं निघू."