कोरड्या रानात टाकलेला गळ

हे माझ्यासोबत घडलंय. मैत्रिणीच्या मैत्रिणीसोबत नाही, मावशीच्या गावात नाही. माझ्यासोबत. आणि तेव्हा माझ्या पोटात तीन महिन्यांचा जीव होता.

२०२४ चा डिसेंबर. सतरा तारीख, मंगळवार. रात्र नव्हती, हे आधीच सांगते. दिवस मावळायचा होता. दौलताबादचा किल्ला समोर लख्ख दिसत होता.

आमचं घर किल्ल्याच्या अलीकडं, शेतातच. घरात तिघं. मी, माझे मिस्टर शिवराज आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

याआधी दोनदा माझी कूस भरली आणि रिती झाली. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सुलेखा, काहीही कर, पण खाल्लेलं पोटात टिकू दे. वजन असंच उतरत गेलं तर बाळाचं अवघड आहे."

आणि माझ्या पोटात घोटभर पाणीसुद्धा टिकत नव्हतं.

एका वासामुळं.

तो वास घरात कसा आला, ते सांगते.

मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. एप्रिलमध्ये त्यांची रत्नागिरीला बदली होणार होती, बढतीवर. नोव्हेंबरात आठ दिवस ट्रेनिंगला तिकडं जाऊन आले. तिथं जेट्टीवर संध्याकाळी लोक लांब काठ्या घेऊन उभे राहायचे आणि समुद्रातून मासे ओढायचे. यांना भारी नवल वाटलं. मलाही शिकवा म्हणाले. तर तिथला एक सहकारी चारचौघांत हसला, "तुमच्याकडे प्यायला टँकर येतो. तुम्ही मासे धरणार?"

ते वाक्य यांच्या काळजात रुतलं. घरी येताच बारा फुटी काठी मागवली. रीळ मागवलं. त्यावरच्या नायलॉनच्या दोराला कोकणात तंगूस म्हणतात, तेही तिकडूनच शिकून आले होते.

समुद्राच्या काठावरून गळ लांब फेकावा लागतो. ते फेकणं आधी कोरड्या जमिनीवर शिकायचं, असं मोबाईलवरचा मास्तर सांगायचा. पण सरावाला दोराला फक्त शिसाचा गोळा बांधायचा. गळ लावायचा नाही. आमिष तर नाहीच.

झालं. रोज ड्युटीवरून आले की हे रानात. कपाशी उपटून नांगरून ठेवलेलं काळं रान. शिसं सूंऽऽ करत जायचं, लांब ढेकळांत पडायचं, धूळ उडायची. मग हे रीळ फिरवत ते परत ओढायचे.

आत्याबाई अंगणातून ओरडायच्या, "शिवराज, घावलं का रे एखादं ढेकूळ? कालवण टाकते!"

मीही हसायचे. पहिले चार दिवस.

पाचव्या दिवशी हे जेवायला बसले. मी ताट ठेवलं आणि यांच्या हाताकडं लक्ष गेलं. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी.

"कपडे धुतले का हो?"

"नाही तर. का?"

आणि तेव्हा तो वास आला...

कसा सांगू? कालव्यात मेलेलं जनावर फुगतं, तसा. पण त्याला खारट धार होती. जिभेवर बसणारी. जणू कुणी कुजलेलं फडकं माझ्या नाकातून घशात सोडतंय. मी ताटावरून उठले ती मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाही.

यांना वास नाही. आत्याबाईंना वास नाही.

"पोरी, असं व्हतंच," आत्याबाई पाठ चोळत म्हणाल्या. "नाक लई तिखट होतंय या दिवसांत. डोहाळे हायेत."

डोहाळ्यांच्या ओव्या मीही ऐकून मोठी झालेय. चिंचेचे डोहाळे, बोरांचे, कैरीचे, भाजलेल्या मातीचे. जात्यावर बसून बायकांनी काय काय मागितलंय. पण कुजलेल्या समुद्राचे डोहाळे कुणीच गायले नाहीत.

दोन दिवसांनी यांची पॅन्ट धुवायला घेतली. खिशात शिसाचा गोळा राहिला होता. बाहेर काढला तर...

तो ओला होता.

नुसता ओला नाही. बुळबुळीत. लहान लेकराच्या शेंबडासारखी लांब तार माझ्या बोटाला चिकटून आली. तारेत एक खवला. रुपयाएवढा. आणि एक लांब पांढरा केस.

मी हात दगडावर घासला. साल निघेपर्यंत घासला.

यांना दाखवलं तर म्हणाले, "दव असंल. केस आईचा असंल."

आत्याबाईंचे केस अजून काळे आहेत.

मग सोनाजीबाबा आले. त्यांच्या मेंढ्या दरसाल खतासाठी आमच्या रानात बसतात. पंचावन्न वर्षं मेंढरांमागं फिरलेला माणूस. त्या सकाळी दारात आले ते काठी टेकून उभेच राहिले.

"सूनबाई, तुमच्या रानात मीठ कुणी टाकलं?"

"मीठ? कशाला टाकेल कुणी?"

"मंग चला बरं माझ्यासंगं. माझी मेंढरं हालंना तिथून."

गेले. रानाच्या मधोमध साऱ्या मेंढ्या गोल दाटीनं उभ्या होत्या. माना खाली. एकही ओरडत नव्हती. एवढ्या कळपात घंटीचा आवाज नाही. कोकरांचा नाही. होता तो फक्त जिभांचा...

चाटण्याचा. खरखर, लपलप. खरखर, लपलप.

जिथं रोज यांचं शिसं पडायचं, तिथली माती त्या चाटत होत्या. जिभा सोलून लाल झाल्या होत्या. तरी चाटत होत्या.

बाबांनी चिमूटभर माती जिभेवर टेकवली आणि लगेच थुंकले. पुन्हा पुन्हा थुंकले. बाही तोंडात घालून जीभ पुसली.

"नुसतं मीठ नाय ह्ये. घाण हाय कायतरी."

तिसऱ्या दिवशी ते परत आले. दोन गाभण मेंढ्या गाभडल्या म्हणाले. सांगता सांगता नजर माझ्या पोटाकडं गेली... आणि त्यांनी मान वळवली.

"सूनबाई, त्या रानात तू येऊ नको. आन् मालकालाबी आवर."

त्या दिवशी मी यांच्या पाया पडले. "रत्नागिरीला जाऊन शिका. इथं नको. मला हे लेकरू पाहिजे हो." यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. काठी माळ्यावर गेली.

वास मात्र गेला नाही. उलट वाढला. माझं वजन चार किलोनं उतरलं.

मग तो मंगळवार. मी परसात विळ्यानं मेथी कापत होते. कडब्याच्या गंजीतून तोच वास यायला लागला. पेंढी ओढली. खाली काळी पिशवी. आत झिंगे. शहागंजच्या बाजारातून आणलेले असणार, तीन-चार दिवसांचे, गुलाबी पाणी सुटलेले. पिशवी अर्धी रिकामी झालेली.

माझ्या डोक्यावर हात ठेवलेला माणूस आता आमिष लावून फेकत होता.

विळा हातात तसाच. मी रानाकडं निघाले.

हे बांधावर उभे. काठी दोन्ही हातांत. नुकताच गळ फेकलेला. मला बघून ओशाळले.

"आज शेवटचं, सुलेखा. जोरात फेकलं की आमिष गळून पडतं गं, तेवढं जमलं की..."

"शपथ घेतली होती तुम्ही!"

"अगं, कोरडं रान आहे. रानात काय असणारे?"

तेवढ्यात काठीचं टोक हललं.

टुक...

मग थांबलं.

टुक. टुक.

"ढेकळात अडकलं असंल," हे म्हणाले. पण हळू आवाजात.

आणि काठी कमानीसारखी वाकली. रीळ करकरायला लागलं. तंगूस सरसरत बाहेर जायला लागला, नांगरलेल्या मातीतून, सरळ रेघ ओढत. वारा नव्हता. पलीकडं काही दिसत नव्हतं. नुसती काळी ढेकळं.

मला त्या ओढीची भीती वाटली नाही तेवढी यांच्या तोंडाची वाटली.

हे हसत होते. लाळ गळत होती हनुवटीवरून आणि यांना पत्ता नव्हता.

"लागला! सुलेखा, लागला!"

मग एकाएकी दोर ढिला पडला.

"सुटलं... सुटलं ना?" मी म्हणाले.

"नाही." हे रीळ भराभर फिरवायला लागले. "ढिला पडला म्हणजे सुटला असं नसतं. तो आपल्याकडं येत असतो."

"मग ओढू नका ना!"

"हात थांबंना गं."

तेव्हा मी पाहिलं. लांबचं एक ढेकूळ भिजलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं. काळ्यावर जास्त काळा डाग, एकेक करत पुढं सरकत होता. आवाज यायला लागला. ओली गोधडी कुणी फरफटत आणावी, तसा. वर काहीच नव्हतं. काहीच नाही. पण हवा इतकी सडकी झाली की डोळ्यांतून पाणी आलं.

दोर यांच्यासमोर यायला हवा होता...

तो वळला.

यांना सोडून माझ्याकडं वळला. माझ्या पोटाच्या रोखानं.

मी विळा घातला. काठीच्या टोकापाशी, एका फटक्यात. तुटलेला दोर खाली पडला नाही. क्षणभर हवेत तसाच उभा राहिला, हातात धरल्यासारखा. मग सळसळत ओल्या मातीत गेला.

मी तिथंच गुडघ्यांवर पडून ओकले. दिवसभर पोटात काही नव्हतं. तरी घागरभर पाणी पडलं. खारं. आणि शेवटी दातांत कचकच झाली.

पांढरी रेती. आमच्या काळ्या रानात.

त्या संध्याकाळी वास गेला. मी भाकरी खाल्ली, मेथी खाल्ली. सगळं टिकलं. जूनमध्ये अक्षदा झाली. अडीच किलोची, धडधाकट. यांनी बदली नाकारली, बढती गेली. काठीचे तुकडे करून चुलीत घातले.

हे इथंच संपलं असतं. पण बारशाच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, हे माझ्याजवळ येऊन बसले.

"एक गोष्ट तुला सांगितली नव्हती," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पहाटंच मी तंगूस गोळा करायला गेलो होतो. मेंढरांच्या पोटात जायला नको म्हणून. तो रानात नव्हता."

"मग?"

"बांधावरून सुरू झालेला. गोठ्याच्या कडेनं घराकडं आलेला. तुझ्या खिडकीखाली संपलेला. गुंडाळून जाळला मी."

मी अक्षदाला छातीशी घट्ट धरलं. "आणि गळ?"

यांची नजर अक्षदाकडं गेली.

"गाठ होती टोकाला. घट्ट, जशी मी बांधली तशीच. गळ नव्हता."

अक्षदा आता रांगते. अंगणभर फिरते, दिसेल ते ढेकूळ तोंडात घालते. सगळीच लेकरं घालतात. मी हातातलं काम टाकून धावते. तिचं तोंड उघडते. बोट घालून हिरड्या, जीभ, टाळू, पार घशापर्यंत चाचपते. ती कासावीस होऊन रडते, तरी थांबत नाही.

आत्याबाई रागावतात, "अगं, मातीनं काय होतंय लेकराला?"

मी माती शोधत नसते.