पट्ट्यापलीकडची घंटा

चेपोसाइत त्या संध्याकाळी दूध ठेवायचे वाळके भोपळे घासत बसली होती. कोळशाची पूड आत टाकायची, काठी फिरवायची, भोपळा उपडा करून तळहाताने थापटायचा. हात आपले आपण चालले होते. कुंपणाशी तिचा धाकटा लेक लोंगुरा पाठ करून बसला होता. वाळकं गवत मुठीत चुरून तो कसल्यातरी वस्तूत कोंबत होता.

तिने काठी थांबवली. ती बैलाची घंटा होती.

आता घंटेत गवत कोंबायचं म्हणजे काय, हे आम्हा पोकोट गुराख्यांच्या शेंबड्या पोरालाही विचारा. आमचा गडी गुरं पळवायला निघाला, की आपल्या लाडक्या बैलाची घंटा कमरेला लावून नेतो. वाजू नये म्हणून तिच्यात गवत. पळवलेल्या गुरांसकट खिंडीत परतला, की गवत उपसून फेकतो, घंटा पुढच्या गाईच्या गळ्यात बांधतो आणि खुशाल वाजू देतो. आईला कळावं, पोर आलं!

"कुठे रे निघालास?" तिने विचारलं.

"कुठे नाही. जरा मित्रांकडे."

"मित्रांकडे जायला घंटेला बोळा लागतो का?"

लोंगुरा उठला आणि बंदूक खांद्याला अडकवून चालता झाला.

खिंडीखालच्या कोरड्या नदीत त्या रात्रीपुरत्या खालच्या मुलखातल्या तुर्कानांच्या बायका उतरल्या होत्या, लेकरं आणि शेरडं घेऊन, हातात साधी काठीसुद्धा न घेता. सकाळी वर येऊन दोन्हीकडची भाल्यांची पाती एका खड्ड्यात पुरायची, बैल कापायचा, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर मिटवायचं, असं ठरलं होतं. ठरवणारी कोण? हीच बाई! एकटी खाली गेली होती आणि ताठ मानेने सांगून आली होती, "निजा बिनघोर. वरून कोणी येणार नाही. चेपोसाइतचा शब्द आहे." आणि आता तिच्याच पोटचा गोळा त्या निजलेल्या बायकांवर चालून निघाला होता.

उपाय एकच होता, आणि तो तिच्या कमरेला होता. कवड्या शिवलेला चामड्याचा पट्टा. याच पट्ट्यावर आमची बाई पोटातलं पोर तोलते. पुढे ते पोर लढाईला गेलं, की हाच पट्टा बांधून त्याला जपते. आणि आईने तो सोडून वाटेवर आडवा टाकला, तर कुठलाच मायेचा पूत तो ओलांडत नाही, की तिने म्हटल्याशिवाय वळसा घालूनही जात नाही. पण पट्टा अंगावरचाच हवा, खुंटीवरचा चालत नाही.

अंगावरचा होता हो. तीच तर खरी गोम होती.

तो पट्टा थोरल्यासाठी बांधलेला होता. क्रोपसाठी. लोंगुरा करडांमागे पळायच्या वयाचा होता, तेव्हा क्रोप खालच्या मुलखात गेला तो गेलाच. बरोबरचे म्हणाले, लढताना पडला. प्रेत कोणी पाहिलं नाही, घंटा कोणी आणली नाही. मुलगा परतेपर्यंत आईने पट्टा सोडायचा नसतो. सोडला की त्याची घरची वाट तुटते. चेपोसाइतने सोडला नव्हता. बायका हसायच्या, "अगं, झिजला की तो!" ती म्हणायची, "झिजू दे. माझा क्रोप वाटेत आहे." आणि पुन्हा मान वर करून चालायला लागायची.

ती भोपळे तसेच टाकून निघाली. आडवाटेने, काट्याकुट्यांतून, पोरांच्या आधी खिंडीत पोचली. दोन्ही बाजूंना काळे खडक, मधून एका गाईपुरती वाट. सूर्य बुडाला होता. खाली नदीत चुली दिसत होत्या आणि एक तान्हं रडत होतं.

तिने गाठीला हात घातला. गाठ सुटेना. मग सुटली. कमर एकदम हलकी झाली.

"क्रोप," ती हळूच म्हणाली, "रागावू नकोस रे राजा."

तिने पट्टा वाटेवर आडवा टाकला आणि पलीकडे, नदीकडे पाठ करून उभी राहिली.

पोरं आली ती हसत-खिदळत. तिला पाहून थांबली. लोंगुराने पट्टा पाहिला आणि जागीच थिजला.

"आई... हा क्रोपदादाचा आहे."

"माहीत आहे मला."

"उचल तो. आई, उचल ना."

"नाही."

प्तोयो म्हणून एक उंडगा होता त्यांच्यात. आई लहानपणीच गेलेली, तोंडाला कुलूप नाही. तो पुढे झाला. "काकी, उगाच खोळंबा कशाला करतेस? उद्या गाई आणतो, पहिली धार तुझ्या भोपळ्यात! बिनहत्यारी झोपलेत ते, याहून सोपं काय असतं? आणि मला कुठली आई? मला कसला पट्टा अडवतोय?"

त्याने पाय उचलला.

तेव्हाच खालून घंटा वाजली.

एकदाच. ठण्ण... आणि मागे एक खरखर. त्या घंटेला चीर होती. खडकावर आपटून गेलेली ती चीर क्रोपने स्वतः तारेने आवळली होती. चेपोसाइतने तो आवाज शंभर घंटांतून ओळखला असता.

ती वळली नाही. घंटा पुन्हा पुन्हा वाजत वर चढत होती. मागोमाग पुष्कळ खुरांचा आवाज येत होता, सावकाश, पोट भरलेल्या गुरांचा. ओल्या शेणाचा वास आला, कोवळ्या गवताचा वास आला. त्या साली तर पाऊस असा झालाच नव्हता. प्तोयोचा पाय तसाच अधांतरी राहिला.

घंटा तिच्या अगदी पाठीशी येऊन थांबली. मानेवर कोमट श्वास लागला.

"आई... पट्टा उचल."

लोंगुराचे ओठ हलले नव्हते. तो तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "मागे... मागे बघू नकोस."

तिचे हात आपोआप पुढे झाले होते. वाकायचं आणि पट्टा उचलायचा, एवढंच. थोरला घरी आला असता. आणि धाकटा खाली गेला असता. नदीतलं ते तान्हं अजून रडत होतं.

तिने हात मागे घेतले. पाठ ताठ केली.

"क्रोप," ती म्हणाली, "मी हा उचलला तर तू येशील आणि हे जातील. खाली लेकुरवाळ्या बाया निजल्यात, माझ्या शब्दावर. तू चेपोसाइतचा लेक आहेस. थांब तिथेच."

बऱ्याच वेळाने श्वास मानेवरून निघून गेला. प्तोयोने पाय मागे ठेवला आणि मटकन खाली बसला. लोंगुराने बंदूक खडकाला टेकवली. एकेक करून सगळे माघारी फिरले. लोंगुरा मात्र पट्ट्याच्या अलीकडे बसून राहिला आणि ती पलीकडे. मागे काय पाहिलं ते त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

उजाडलं आणि तुर्काना बायका वर आल्या. पुढे आकाय होती, त्यांच्यातली जाणती, कडेवर नातू. पट्टा बघून ती थबकली. त्यांच्यातही आया असतातच की. चेपोसाइतने तिला हाताला धरून खडकावरून वळसा घालून अलीकडे आणलं आणि मागच्या साऱ्या त्याच वाटेने आल्या.

"तुझ्या शब्दाची बाई तू," आकाय म्हणाली. "काल तिन्हीसांजेला तुमचा एक गडी तेवढा आमच्यातून गेला, गुरं घेऊन. आम्ही घाबरलो. पण त्याने कोणाला धक्का लावला नाही. उलट या पोराच्या अंगावरचं कातडं सरकलं होतं, ते नीट करून गेला. चांगल्या आईचा दिसला." तिने इकडेतिकडे पाहिलं. "पोचला ना घरी?"

चेपोसाइतची मान जराही खाली गेली नाही. "माझा थोरला तो," ती म्हणाली. "पोचला. दारापर्यंत पोचला."

मग तिचं लक्ष पट्ट्यापलीकडे गेलं. रात्री ती उभी होती तिथे, टाचेमागे, गवताचा एक बोळा पडला होता. घंटेच्या तोंडाएवढा. हिरवागार.

"लोंगुरा," ती म्हणाली, "भावाचं आहे ते. घे."

लोंगुरा वळसा घालून गेला, खाली वाकला आणि त्याने बोळा मुठीत घेतला. मग त्याने आईकडे पाहिलं. गवत अजून कोमट होतं.