धाकट्याचं चाक

"थोरला गेला. आता धाकट्यानंच त्याला मारलं म्हणतात," दोन्ही मुलांची आई असलेल्या बाई वहिनीला म्हणाल्या. "खरं काय ते शोधा. कसंही असलं तरी मला सांगा."

वर्षातून एकदाच होणाऱ्या सायकल शर्यतीला चार दिवस झाले होते. दोघे भाऊ एकाच संघात. थोरला जिंकणारा, धाकटा त्याला जिंकवणारा. घाटाच्या पाच किलोमीटर अलीकडे थोरल्याचं चाक काचेच्या तुकड्यानं पंक्चर झालं. धाकट्यानं लगेच आपलं चाक काढून दिलं. घाट उतरताना त्या चाकातली हवा गेली आणि थोरला वळणावरून दरीत पडला.

तपास वहिनीचा; ती या कुटुंबातली नव्हे, अशी प्रकरणं सोडवणारी बाहेरची. तिचा दीर सोबतीला असायचा, वही धरायला आणि चुकीचे अंदाज करायला. त्यानं वाटेतच निकाल लावून टाकला: मत्सर. जन्मभर दुसऱ्यासाठी राबून पोरगा वैतागला असणार.

संघाच्या व्यवस्थापकानं हात झटकले. चाकं मेकॅनिक बसवतो, म्हणजे मुलांचे वडीलच. प्रत्येक चाकावर स्वाराचं नाव असतं. त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून वडील संघाच्या गाडीत बसले नाहीत. पुढं घाटाच्या पायथ्याशी मात्र ब्लँकेट आणि थर्मास घेऊन उभे दिसले.

धाकटा दोन जिने चढून वहिनीच्या घरी भेटायला आला आणि शेवटच्या पायरीवरच बसला. ओठ निळसर पडले होते. झोप नाही, म्हणाला. दादाला चाक द्यायचं हे माझं कामच होतं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

वहिनीनं त्या चाकाची ट्यूब मागवून पाण्यात धरली. बारीक बुडबुडे आले, तेही आतल्या, रिमकडच्या बाजूनं.

संध्याकाळी तिनं बाई, वडील आणि धाकटा या तिघांना वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बसवलं.

"रस्त्यावरचा खिळा बाहेरून घुसतो. हे भोक आतून आहे. टायर चढवण्याआधी कुणीतरी सुईनं पाडलेलं."

"म्हणजे वडिलांनी?" दीर गडबडला. "पण थोरल्याला कशाला मारतील?"

"थोरल्याचा प्रश्नच नव्हता, भाऊजी. चाकावर नाव धाकट्याचं होतं. पोट बिघडलेला माणूस ब्लँकेट घेऊन घाटाखाली उभा राहत नाही. ते कुणाची तरी वाट बघत होते. ज्याला दोन जिने झेपत नाहीत, त्याला घाट चढू द्यायचा नव्हता त्यांना."

वडील खाली बघूनच बोलू लागले. सरावात धाकटा दोनदा बेशुद्ध पडला होता. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं शपथ घातली होती. हळूहळू हवा जाईल, घाटाआधीच हा थांबेल, मग पांघरूण घालून थेट डॉक्टरकडे न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वेळ आली तर दादाला चाक द्यायचं, हे मीच शिकवलं याला. नेमकं तेच विसरलो. गेले चार दिवस रोज ठरवत होतो, आज हिला खरं सांगेन म्हणून. जीभच उचलली नाही."

"थोरला तुमच्यासमोरून गेला असेल ना?" बाईंनी विचारलं.

"गेला. मागं धाकटा नव्हता. मला वाटलं, वाचला. मी टाळ्या वाजवल्या गं."

धाकटा ओक्साबोक्शी रडायला लागला आणि त्याला धाप लागली. बाई उठल्या. त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"चल, डॉक्टर असतील अजून," त्या म्हणाल्या.

नवऱ्याजवळून जाताना त्या थांबल्या. त्यांच्या शेजारी पडलेलं ते ब्लँकेट उचलून त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर टाकलं.