लालवर हिरवा

हसू नका रे! काळोखात कुठल्याही हापशाला तोंड लावायला निघता म्हणून सांगतोय, नाहीतर मला काय पडलीय? बसा इथे. तोराब घटक माझा दोस्त. लोकांची लग्नं जमवायचा, अर्धं खोटं बोलून पोट भरायचा. पण ही गोष्ट सांगताना त्याने कुराणावर हात ठेवला होता.

गेल्या कार्तिकातली अमावास्या. गुरुवार, रात्रीची इशाची नमाज उरकलेली. तोराब मुलीकडचा निरोप घेऊन मोजाहार मोल्लाच्या घरी निघाला होता. मोल्लाचा मुलगा आक्रम, त्याचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. सकाळी मुलीकडचे घर बघायला येणार होते. घर कसलं, हापसा बघायला! आपल्याकडे जमिनीच्या पोटातच सोमल, ते आर्सेनिकचं विष. पाणी स्वच्छ, गार, गोड. वास नाही की चव नाही. सरकारी माणसं तपासून विषारी हापशाला लाल रंग देतात, चांगल्याला हिरवा. लाल हापशाच्या घरात मुलगी कोण देणार?

आक्रमची पहिली बायको मर्जिना. तीही तोराबनेच आणलेली. तेव्हा अंगणातला हापसा हिरवा होता, तोराबने डोळ्यांनी बघितलेला. आक्रम नारायणगंजला गिरणीत, घरात सासरा आणि सून. "दारात हापसा असताना सुनेनं पाण्यासाठी बाहेर कशाला जायचं?" असं म्हातारा म्हणायचा. स्वतः मात्र मशिदीच्या हापशाची कळशी भरून आणायचा. विचारलं तर म्हणे, माझी मन्नत आहे.

काही वर्षांनी मर्जिनाच्या तळहातांवर तांदळाच्या कण्यांएवढे टणक दाणे आले. मग छातीवर काळे ठिपके. गाव म्हणालं, महारोग. म्हाताऱ्याने मुलाकडून तलाक देववला आणि तिला माहेरी धाडली. तिथे पायाची बोटं सडून पोर गेली. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. जमिनीतल्या सोमलाला काय शिव्या द्यायच्या? त्याला माणूस ओळखता येत नाही. या मोल्लाला येत होता.

तर तोराब अंगणाच्या तोंडाशी पोचला. वीज गेलेली. ताज्या रंगाचा वास आला म्हणून त्याने टॉर्च मारली. हापसा ओला हिरवा. मागच्या बाजूला ब्रश नीट पोचला नव्हता. तिथे खालचा लाल दिसत होता.

"मर्जिनाच्या वेळीही असाच रंगवला असणार. माझ्या हातून काय झालं ते तेव्हा कळलं," तोराब मला म्हणाला. "घशाला कोरड पडली बघ."

तेवढ्यात टॉर्च विझली.

कर्र... खट.

काळोखातही दिसत होतं, कुणीतरी बाई पाठमोरी हापसत होती. डोक्यावर पदर. तोराबने नकळत ओंजळ पुढे केली.

"तुम्ही नका पिऊ, चाचा. हे अब्बांचं आहे. हाक मारा त्यांना."

आवाज ओळखीचा...

तोराबचे पाय हलेनात. हाक मात्र आपसूक निघाली. "मोल्लासाहेब..."

"आलास का रे लबाडा? काय म्हणतायत मुलीकडचे?" म्हातारा लुंगी सावरत हसत बाहेर आला. मग त्याला ती दिसली.

"सूनबाई..."

"बसा, अब्बा. या वयात मशिदीपर्यंत कळशी वाहता. लोक मला नावं ठेवतील."

"पोरी, माझी मन्नत..."

"फिटली."

म्हातारा बसला. ओंजळ धरली. प्यायला.

कर्र... खट.

"पुरे."

कर्र... खट.

"माफ कर, मर्जिना. माफ कर..."

ती हापसत राहिली.

तो रडत होता. पीत होता. ओकत होता. पुन्हा ओंजळ धरत होता. हात त्याचे. पण त्याचं ऐकत नव्हते...

कर्र... खट.

कर्र...

पहाटेची अजान झाली. हापसा थांबला. अंगणात म्हातारा एकटा बसला होता.

सकाळी मुलीकडचे आले. मोल्लाने सवयीने दोन्ही हात पुढे केले. मुलीच्या बापाने ते बघितले आणि आपले हात मागे घेतले. चहासुद्धा न घेता माणसं उठली. त्यांची पोरगी वाचली. मला विचाराल तर फार बरं झालं.

त्याच दुपारी मोल्लाला सरकारी दवाखान्यात मीच नेलं, दुसरं कुणी त्याला हात लावेना. डॉक्टरीणबाईंनी त्याचे तळहात उलटसुलट करून बघितले. टणक दाणे, दाण्यावर दाणा, बोटांच्या पेरांपर्यंत. मधेमधे चिरा.

"एवढं व्हायला वर्षानुवर्षं जातात, चाचा," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. कधीपासून पिताय हे पाणी?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली, हातांकडे.

"काल रात्रीपासून," तो म्हणाला.