सध्या तरी नाही

जिन्याच्या वळणावर टक्कर झाली आणि बाईंच्या हातातली फाईल धाडकन खाली पडली.

"अहो, जरा बघून चाला की!" असं म्हणत त्या वळल्या, तर समोर कोण? वाचनालयाचे ग्रंथपाल!

"तुम्ही? शिक्षण कार्यालयात?"

"मला... पत्र आलंय," खाली बसून कागद गोळा करत ते म्हणाले. "तुम्ही?"

"मलाही."

बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. दर शनिवारी वर्ग घेऊन वाचनालयात जायच्या आणि हे गृहस्थ त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवायचे. दोन वर्षांत बोलणं काय, तर "पुस्तक मिळालं का?" आणि "मिळालं हो." तेवढ्यावरही बाईंचा अख्खा रविवार मजेत जायचा. हे आपलं मी तुम्हाला सांगतेय, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं!

आज मात्र गोष्ट वेगळी होती. सामाजिक शास्त्रांतल्या उत्कृष्ट शिक्षक-विद्यार्थी जोडीचा पुरस्कार त्यांना आणि त्यांच्या चिमणीला जाहीर झाला होता. चिमणी म्हणजे सातवीतली बडबडी पोरगी. वाचनालयासमोरचा बंद पडलेला दिवा लागावा म्हणून तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या, आणि दिवा खरंच लागला होता. समारंभाला चार दिवस उरले असताना पत्र आलं: 'शिफारशीत त्रुटी. समक्ष हजर राहावे.' शिफारस बाद झाली की दोघींचाही पुरस्कार गेला. आणि चिमणीने तर भाषण पाठ करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवलंसुद्धा होतं! तिला काय तोंड दाखवायचं?

आत अधिकारी मॅडमनी चष्मा पुसला, फॉर्म उचलला.

"शिफारस तुमची ना, ग्रंथपाल?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे शिफारस यांनी केली होती?

"नातेवाइकाची शिफारस चालत नाही, म्हणून हा रकाना असतो. 'शिक्षिकेशी नाते'. सगळे लिहितात 'नाही'. तुम्ही काय लिहिलंत? 'सध्या तरी नाही'! सध्या तरी म्हणजे काय हो? पुढच्या महिन्यात होणार आहे?"

ग्रंथपालांचे कान लालबुंद झाले.

"मॅडम, खाली सही करायची होती... 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून. नुसतं 'नाही' लिहिलं असतं, तर खरं होतं. पण... पूर्ण खरं नव्हतं."

"आणि बाईंना हे ठाऊक आहे?"

"आत्ता... कळलं असेल."

आनंदाने नाचावं की या भोळ्या माणसाचं डोकं फोडावं, हेच बाईंना कळेना. अहो, प्रेम करायला दुसरा कागद नाही का मिळाला?

"बोला बाई. तुमचं काय म्हणणं?"

'तसलं काही नाही' म्हटलं की पुरस्कार वाचत होता. पण ते म्हणायला जीभच वळेना. आणि 'आहे' म्हटलं तर चिमणीचं काय? शेवटी बाई वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नातं फॉर्म भरला त्या तारखेचं धरतात ना? त्या तारखेला काहीही नव्हतं."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग दाबून शिक्का मारला.

"मंजूर. या आता! आणि ग्रंथपाल, पुढच्या वेळी रकान्यात मावेल तेवढंच खरं लिहा."

बाहेर येऊन बाईंनी आधी चिमणीला फोन लावला. "भाषण विसरू नकोस गं!" पलीकडून एवढ्या जोरात किंकाळी आली, की फोन कानापासून लांब धरावा लागला. छातीवरचा धोंडा उतरला. बाई तिथेच पायरीवर बसून खळखळून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ग्रंथपाल दोन पायऱ्या खाली उभे होते.

"रागावलात?"

"खूप! दोन वर्षं नुसती खुर्ची पुसलीत. तोंड नव्हतं का?"

"तुमच्यासमोर... उघडत नव्हतं." ते घुटमळले. "बाई, मघाशी तुम्ही म्हणालात, 'त्या तारखेला' नव्हतं..."

"मग? खोटं बोलले का मी?"

"नाही. पण... आजच्या तारखेला?"

बाईंनी फाईल त्यांच्या हातात दिली, पदर सावरला आणि उठल्या.

"आजची तारीख नीट लक्षात ठेवा. पुढे दरवर्षी विचारणार आहे मी."

"ठेवतो की," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मोकळे हसले. "दिवसभर तारखेचेच शिक्के मारतो मी!"